येडं, येडा आणि पेडगाव

बारामतीच्या एसटी स्टँडवर इंदापूरची गाडी लागली, की खिडक्यांतून टॉवेल, पिशव्या, टोप्या आत पडू लागतात. जागा धरण्याची ही पद्धत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडण्याची कोणाची टाप नाही. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका गाडीत मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. वाचायला जवळ काही नव्हतं आणि त्या बाकावर झोप लागणं शक्य नव्हतं. म्हणून मी एक उद्योग आरंभला. इंदापूर येईपर्यंत 'येडं' हा शब्द किती वेळा कानावर पडतो, ते मोजायचं ठरवलं.

काटेवाडी यायच्या आतच तीन झाले. पायरीवर लोंबकळणाऱ्या पोराला कंडक्टर म्हणाला, "ए येड्या, आत हो की, पडशील!" ही पहिली नोंद. पुढच्या बाकावरची सासू सुनेला म्हणाली, "अगं येडे, एवढी मेथी कशाला घेतलीस? खाणारी तोंडं किती आपल्या घरात?" ही दुसरी. कॉलेजातून परतणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाने दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "तू येडा हाय का खुळा?" ही तिसरी. सणसरच्या पुढे एक आजोबा उसाच्या हिशेबावर बोलत होते, शेवटी उसासा टाकून म्हणाले, "आपुनच येडं, दुसरं काय!" फोनवर गाईचा सौदा करणारा गडी गरजला, "मला येड्यात काढतो व्हय रं?" आणि मांडीवर पेंगलेल्या नातवाच्या तोंडावरच्या माश्या हाकलत एक आजी शेजारणीला हळूच म्हणाली, "येडं गं माझं, झोपलं बघ."

मी मनात खूश होतो. एकच शब्द, पण त्यात काळजी, लटका राग, मस्करी, हताशा, धमकी आणि माया असं सगळं भरलेलं. रागावलं मात्र कोणी नाही. मग निमगाव केतकीच्या अलीकडे एक बाई आपल्या विशी ओलांडलेल्या मुलाला घेऊन गाडीत चढल्या. मुलगा स्वतःशीच हसत होता, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मोजत होता. कंडक्टरने त्याला तिकीट विचारलं, तेव्हा कडेचा एक प्रवासी अगदी सहज, मदत केल्याच्या सुरात म्हणाला, "त्याला काय इचारता, येडा हाय त्यो." बाईंनी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि तोंड खिडकीकडे केलं. माझी मोजणी तिथेच थांबली.

तोच शब्द. मग त्या आजीच्या तोंडी तो गोधडी का होतो, आणि या माणसाच्या तोंडी दगड का?

आधी शब्दाची कूळकथा पाहू. 'येडा' म्हणजे 'वेडा'च. आपल्याकडच्या बोलीत शब्दाच्या आरंभी 'वे' आला, की त्याचा 'ये' होतो. वेळेची येळ होते, वेशीची येस होते, वेलाचा येल होतो. 'वि' असेल तर नुसती 'इ' उरते : विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तू आणि प्रत्यक्ष विठोबाचा इठोबा. थोडं पुढे सोलापूरकडे सरकलं, की हाच 'ये' आणखी पसरतो. तेलाचं त्याल होतं, शेताचं श्यात होतं आणि येडाचं याड होतं. २०१६ साली 'सैराट' आला आणि हे 'याड' एका गाण्यातून साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. ज्या करमाळ्याच्या मुलखात तो चित्रपट घडतो, तो उजनीच्या पाण्यापलीकडे इंदापूरचा शेजारीच आहे. तेव्हा 'येडा' हा 'वेडा'चा अशुद्ध उच्चार आहे, असं म्हणणाऱ्याने जरा दमाने घ्यावं. तो नियमाने झालेला बदल आहे आणि नियम पाळणाऱ्याला अशुद्ध म्हणणं बरं नव्हे.

तरीही 'वेडा' आणि 'येडा' यांचा अर्थ आता अगदी एक राहिलेला नाही. भाऊ वेगळे निघावेत, तसे ते वेगळे झाले. 'वेडा' पुस्तकात गेला, दवाखान्याच्या पाटीवर गेला, प्रेमकवितेत गेला. 'येडा' मात्र बांधावर, पारावर आणि एसटीत राहिला. त्याने गणगोतही मोठं जमवलं : येडपट, येडचाप, येडबंबू, येडताक. शेजारी 'खुळा' राहतो. दोघांचं इतकं सख्य, की "येडं पेरलं आन खुळं उगवलं" अशी म्हणच आहे. बाप तसा बेटा म्हणायचं, पण शेतकऱ्याच्या भाषेत. कोल्हापूरकडे 'खुळं' जास्त ऐकू येतं; विदर्भात 'बह्याड' म्हणतात; गोव्याच्या कोकणीत 'पिसो' म्हणतात. हा 'पिसा' आपल्या जुन्या मराठीतलाच. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे, पिसे म्हणत आणि त्यांच्याच लीळा महानुभावांनी मराठी गद्यात भक्तीने लिहून ठेवल्या. म्हणजे वेडा म्हणून हिणवणं आणि वेडा म्हणून पायाशी बसणं, हे दोन्ही या भाषेला किमान सातशे वर्षं ठाऊक आहे.

आता त्या आजीच्या गोधडीचं रहस्य. ते व्याकरणात आहे. मराठीला तीन लिंगं आहेत आणि त्यातलं नपुंसकलिंग आपण शाळेत निर्जीव वस्तूंसाठी म्हणून शिकतो. पण घरात ते लिंग सगळ्यात सजीव असतं. पोरगं, लेकरू, बाळ, कार्टं, पिल्लू ही जी जी म्हणून आपली, लहान आणि जपायची, ती सगळी नपुंसकलिंगी. 'येडा' म्हटलं की समोर एक मोठा माणूस उभा राहतो आणि त्याच्यावर शेरा बसतो. 'येडं' म्हटलं की तोच माणूस एकदम लहान होऊन मांडीवर येतो. साठीच्या नवऱ्याबद्दल "आमचं येडं अजून रानातच हाय" असं म्हणणारी बाई त्याला नावं ठेवत नसते. ती त्याची भाकरी झाकून ठेवत असते. एका अनुस्वाराचा हा महिमा आहे.

याच्या उलट गंमत 'शहाणा' या शब्दाची. आमच्याकडे कोणाला खरोखर टोचायचं असेल, तर त्याला येडा म्हणत नाहीत, शहाणा म्हणतात. "लई शाना झालायस व्हय?" या वाक्याला उत्तर नसतं. दीडशहाणा, अतिशहाणा, शहाणपाजळ्या ही शिव्यांचीच वंशावळ आहे आणि अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, हे प्रत्येक गोठ्याला माहीत असतं. येड्याचा बैल रिकामा राहिल्याची म्हण मी तरी ऐकलेली नाही. शेतकरी समाजाला शहाण्याची धास्ती असते, कारण कागद करणारा, व्याज लावणारा, मोजमापात मारणारा हा शहाणाच असतो. येड्याने कोणाचं शेत लिहून घेतलेलं नसतं.

देवसुद्धा या मुलखाला फार शहाणा चालत नाही. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हा इथल्या कैक घरांचा कुलस्वामी, आणि त्याचं लाडकं विशेषण 'भोळा'. त्याच महादेवाच्या भोळेपणाच्या कथा सांगणारं 'शिवलीलामृत' श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीतच, कऱ्हेच्या काठी लिहून पुरं केलं. त्याच काठावर पुढे मोरोपंतांनी आर्यांचे डोंगर रचले. १७९४ साली त्यांनी देह ठेवला तोही बारामतीतच. एका गावात पंडिती मराठीचं शिखर आणि भोळ्या देवाची पोथी. मात्र स्टँडवरच्या गर्दीत आजही जे बोललं जातं, ते मोरोपंतांचं नव्हे.

आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी याच बारामती-सणसर-इंदापूर रस्त्याने पंढरीला जाते. काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीत गोल रिंगण होतं. दुबार पेरणीची चिंता डोक्यावर घेऊन चालणाऱ्यांकडे पाहून माणसं म्हणतात, "येड लागलंय पंढरीचं." यात तक्रार कमी आणि हेवा जास्त असतो. तुकोबांच्या अभंगातून म्हणीत गेलेल्या 'येरागबाळा' या शब्दाचं पाहा. 'येर' म्हणजे इतर, दुसरा कोणीतरी. पण लोकांनी तो 'येडागबाळा' असा ऐकला आणि तसाच वापरात ठेवला. परका म्हणजे येडा, असा एक अर्थ नकळत त्यात शिरला. तो शब्द इथे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परक्याला येडं ठरवण्याचं उदाहरण गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. गायरानात, ओढ्याकाठी, उजनीच्या पाणफुगवट्याच्या कडेने माजलेल्या त्या हिरव्या काटेरी झुडपांना आपण 'येडी बाभळ' म्हणतो. मूळची अमेरिका खंडातली ही बाभळ एकोणिसाव्या शतकात भारतात आणली गेली. आपल्या बाभळीसारखं औताला, गाडीला लाकूड ती देत नाही, कुठेही उगवते, सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून येडी. पण दुष्काळात सगळं करपतं तेव्हा हिरवी राहते ती हीच. तिच्या शेंगा मेंढ्या-शेळ्या आवडीने खातात आणि तिचा कोळसा पाडून माणसं पोट भरतात.

आणि तारेवर बसलेला तो हिरवा, चिमणीएवढा पक्षी? त्याचं मराठी नाव 'वेडा राघू'. तारेवरून झेप घेतो, हवेत माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, दिवसभर तेच. पाहणाऱ्याला वाटलं, हा वेडाच आहे. पण मधमाशी पकडली, की तो ती फांदीवर आपटतो, घासतो, तिचा डंख निकामी करतो आणि मगच गिळतो. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी वाटेत या वेड्याचं कसबही पाहावं. डंख काढून मग गिळणं आपल्यातल्या कितीकांना जमतं?

येड्याच्या पोटात शहाणपण असू शकतं, हे मराठीला कळलेलं आहे याची साक्ष म्हणजे 'येड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण. माहीत असून न कळल्याचं सोंग घेणाऱ्याला आपण हे सुनावतो. हे पेडगाव काल्पनिक नाही. दौंड तालुक्याच्या पलीकडे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी ते आजही आहे. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याने तिथे छावणी घालून किल्ला बांधला, तोच बहादूरगड. शिवरायांचा राज्याभिषेक जून १६७४ मधला. त्यानंतर महिनाभराने, इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, सुमारे दोन हजार मराठे स्वार छावणीवर चालून आल्यासारखं करून माघारी वळले. खान सैन्य घेऊन त्यांच्या पाठी लागला आणि ते त्याला दूरवर नेत राहिले. इकडे रिकाम्या छावणीत दुसऱ्या सात हजारांनी शिरून सुमारे एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे नेले. पळपुट्यांचं येड पांघरून ते पेडगावला गेले होते. म्हणीचा उगम लोक याच प्रसंगात पाहतात. पुढे मुंबईत गेलेल्या आपल्याच माणसांनी 'येडा बनून पेडा खाणे' असं म्हणायला सुरुवात केली. यमक तेच, फक्त घोड्यांच्या जागी पेडा आला.

ही गोष्ट इथवर सगळेजण हसत सांगतात. पण त्याच पेडगावची दुसरी गोष्ट आहे आणि ती पंधराच वर्षांनंतरची आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबापुढे आणलं, ते याच बहादूरगडावर. आणताना त्यांच्या अंगावर विदूषकाचे कपडे चढवले, डोक्यावर घुंगरं लावलेल्या लांब टोप्या घातल्या आणि उंटावरून धिंड काढली. शत्रूला मारण्याआधी त्याला हास्यास्पद करायचं होतं. ज्याच्याकडे पाहून लोक हसतात त्याच्यासाठी कोणी रडणार नाही, असा तो हिशेब होता. तो हिशेब चुकला, हे पुढचा इतिहास सांगतो.

गाव एक, किल्ला एक. १६७४ साली येड पांघरलं, ते आपल्या मर्जीने. काम झाल्यावर ते झटकून घोड्यावर टाकता आलं. १६८९ साली ते दुसऱ्यांनी जबरदस्तीने घातलं. ते काढणं अंगावर घेणाऱ्याच्या हाती नव्हतं. मला वाटतं, या शब्दाचा सगळा निवाडा या दोन तारखांच्या मध्ये आहे. येड पांघरणं वेगळं आणि पांघरवणं वेगळं. "आपुनच येडं" म्हणणारे ते उसाचे आजोबा, "येडे" म्हटल्यावर हसणारी ती सून, "येडा का खुळा" विचारल्यावर मित्राच्या पाठीत गुद्दा घालणारा तो पोरगा, या सगळ्यांना ती घोंगडी झटकता येत होती. निमगावच्या अलीकडे चढलेल्या त्या मुलाला ती झटकता येत नव्हती आणि त्याच्या आईलाही नाही. म्हणून तिथे तो शब्द दगड झाला.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. आमच्याच घरची एक गोष्ट आहे. माझं आजोळ इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या काठी. तिथे एक माणूस होता. देवळाच्या ओवरीत झोपायचा, कोणाच्याही लग्नात पाण्याच्या घागरी वाहायचा, एसटी आली की तिच्यापुढे हात करून तिला वळवायचा आणि गेली की सलाम ठोकायचा. गाव त्याला 'येडा' म्हणायचं. पोरं खडे मारायची. मीही सुट्टीत गेलो की त्यांच्यात असायचो. माझी आजी मात्र त्याला कधी 'येडा' म्हणाली नाही. ती 'येडं' म्हणायची. "ते येडं जेवलं का बघ रं," असं मला सांगायची आणि भाकरीवर पिठलं घालून ओवरीत पाठवायची. चाळीसएक वर्षं तिने त्याला जेवू घातलं. त्या अनुस्वाराबद्दल मी वर जे लिहिलं, ते तिच्याकडून शिकलोय.

एका पावसाळ्यात तो गेला. गावाने वर्गणी काढून सगळं नीट केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मृत्यूची नोंद करायला माणसं बसली आणि ग्रामसेवकाने कागदावर पेन टेकवून विचारलं, "नाव काय लिहू?" ओसरीवर दहा-बारा मोठी माणसं होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी आत जाऊन आजीला विचारलं. आजी चुलीपुढून उठून दारापर्यंत आली आणि तशीच उभी राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं भाकरी दिली होती, नाव विचारलं नव्हतं.

नाव कळलं ते दहाव्याला. कुठल्याशा लांबच्या गावाहून त्याची थोरली बहीण आली आणि ओवरीच्या पायरीवर बसून त्याला नावाने हाका मारून रडली. चांगलं, देवाचं नाव होतं. आई-बापांनी बारसं करून, गूळ-फुटाणे वाटून ठेवलेलं. आजी त्या दिवसानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण "ते येडं" हे शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. त्याचा विषय निघाला, की ती त्याच्या नावानेच बोलायची.

खडे मारणाऱ्या आम्हा पोरांचं चुकलं होतं, हे उघड आहे. पण ज्या शब्दात एवढी माया होती, त्या शब्दानेही त्याचं नाव झाकलंच होतं. गोधडी झाली तरी तोंडावरून ओढली की माणूस दिसत नाही. गावाने त्याला पोसलं. पण 'येर' म्हणून, येरागबाळा म्हणून. आपला, पण मोजदादीत नसलेला.

कायद्याची भाषा या बाबतीत हळूहळू का होईना सरकली आहे. इंग्रजांनी १९१२ साली केलेल्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. १९८७ साली त्याच्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा आला आणि २०१७ च्या नव्या कायद्याने उपचार मिळणं हा माणसाचा हक्क मानला. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाला शिकवावं, सांभाळावं लागतं आणि दुसऱ्यात औषधाने, समुपदेशनाने पुष्कळ जण बरे होतात, हेही आता डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं. आपल्या बोलीला मात्र दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो आणि वर "याला येरवड्याला धाडा" हा विनोदही आपण अजून करतो. येरवड्याच्या मनोरुग्णालयात ज्यांच्या घरचं माणूस आहे, ते अशा वेळी काय करत असतील? पदर पुढे ओढत असतील, खिडकीबाहेर पाहत असतील.

म्हणून 'येडं' हा शब्द टाकून द्यावा, असं माझं म्हणणं नाही. तो टाकला तर बारामती-इंदापूरची गाडी मुकीच होईल. सासूने सुनेला काय म्हणावं? आजीने नातवाला काय म्हणावं? प्रमाण मराठीत त्या जागी घालायला शब्द नाही. 'बावळट' घातला तर भांडण होईल. शब्द राहू द्या. फक्त उच्चारण्याआधी एवढंच पाहावं, की समोरच्याला ही घोंगडी झटकता येईल का. येत असेल तर खुशाल पांघरवावी. येत नसेल, तर आधी त्याचं नाव विचारावं.

इंदापूर आलं. उतरणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या बाई मुलाचा हात धरून सगळ्यांत शेवटी उतरत होत्या. मी मागेच होतो. धीर करून मुलाला म्हणालो, "नाव काय रे तुझं?" त्याने बोटं मोजायचं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट सांगितलं. बाई पायरीवर थबकल्या. मग त्याच मला म्हणाल्या, "दादा, त्याला नाव विचारलेलं लई आवडतं. कुणी विचारीतच नाय."